कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी: या चुका टाळा

मोटरसायकल सकाळी सुरू झाली नाही की पहिला हात कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे जातो. तो बाहेरून दिसतो, फिरवायला सोपा असतो आणि फिरवला की इंजिनच्या आवाजात फरक पडतो. फरक पडला म्हणजे दुरुस्ती झाली, असं वाटायला लागतं. बहुतेक वेळा बिघाड दुसरीकडेच असतो आणि स्क्रू फिरवून त्यात आणखी एक बिघाड मिसळला जातो. मग मूळचा कोणता आणि हाताने केलेला कोणता, हे ओळखता येत नाही.

एवढं तरी पक्कं डोक्यात ठेवा: काल नीट चालणारी गाडी आज बिघडली असेल, तर कार्ब्युरेटरचं सेटिंग रात्रीत बदललेलं नाही. नीडल (पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी सुई) आणि नीडल जेट (ती ज्या भोकात वरखाली होते) झिजतात, पण त्याला हजारो किलोमीटर लागतात. एका दिवसात जे बिघडतं ते तुंबल्यामुळे, फाटल्यामुळे, सैल झाल्यामुळे किंवा गळतीमुळे. ते शोधायचं असतं. सेटिंग बदलून ते झाकायचं नसतं.

कार्ब्युरेटरच्या आधी बाकीचं न बघणं

प्लग काढून बघा. ओला आहे का, कोरडा आहे का, काजळी धरली आहे का? किक मारूनही प्लग कोरडाच राहत असेल तर पेट्रोल सिलेंडरपर्यंत पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही. या एका गोष्टीने अर्धा शोध संपतो, आणि तीच नेमकी कोणी करत नाही.

त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग. इंजिन पूर्ण थंड असताना तो आणि व्हॉल्व्ह यांच्यातली गॅप मोजा. टॅपेट घट्ट झाले असतील तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, गाडी थंडीत सुरू होत नाही आणि आयडलिंग (मूठ सोडलेली असताना इंजिनचं चालणं) ठरत नाही. लक्षणं हुबेहूब कार्ब्युरेटर बिघडल्यासारखी असतात. टॅपेट घट्ट असताना मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिन एका आवाजावर टिकत नाही.

एअर फिल्टर तुंबलेला असेल तर मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं असेल तर गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते, थोडी थांबली की पुन्हा सुरू होते. बंद पडताच झाकण उघडा. सुस्स आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली तर कार्ब्युरेटर खोलू नका, झाकण साफ करा. पेट्रोल कॉकची जाळी, नळीला पडलेली मुरड, किल स्विच हे सगळं बघायला पाच मिनिटं लागतात.

चोक ओढून अ‍ॅक्सिलरेटर पिळणं

ही चूक रोज दिसते. बऱ्याच मोटरसायकलींच्या कार्ब्युरेटरमध्ये ज्याला आपण चोक म्हणतो ती खरं तर पेट्रोलची एक वेगळी वाट असते. लिव्हर ओढला की एक छोटा प्लंजर वर उचलला जातो आणि फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वाटीतून जादा पेट्रोल थेट इंजिनच्या बाजूला सोडलं जातं. हे पेट्रोल खेचायला निर्वात लागतो, आणि तो अ‍ॅक्सिलरेटर बंद असतानाच पुरेसा तयार होतो. चोक ओढून अ‍ॅक्सिलरेटर पिळला की निर्वात कमी होतो आणि चोकचा उपयोगच संपतो. माणूस म्हणतो, चोक दिला तरी सुरू होत नाही. होणार कशी?

थंड इंजिनसाठी: चोक पूर्ण, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद, हात बाजूला, मग किक. इंजिन धरलं की अर्ध्या मिनिटाने चोक निम्म्यावर, आणि इंजिन चोकशिवाय तग धरायला लागलं की बंद. चोक तसाच ठेवून गाडी पळवली तर प्लगवर काजळी बसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार येते.

काही कार्ब्युरेटरना अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो. तिथे मूठ पिळली की प्रत्येक वेळी पेट्रोलची पिचकारी आत जाते. अशा गाडीवर सुरू करण्याआधी आठ-दहा वेळा मूठ पिळणारे प्लग स्वतःच भिजवतात.

प्लग भिजलाच असेल तर चोक बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि तसाच धरून पाच-सहा किका मारा. भरपूर हवा आत जाऊन जादा पेट्रोल बाहेर पडतं. इंजिन धरताच मूठ लगेच सोडा. सेल्फ स्टार्ट असेल तर बटण एका वेळी ५ सेकंदांहून जास्त दाबू नका आणि मध्ये १०-१५ सेकंद थांबा. उतावीळपणे बटण दाबून धरलं की बॅटरी बसते आणि स्पार्क आणखी कमजोर होतो.

जेटमध्ये तार घालणं

या चुकीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हिचं नुकसान लगेच दिसत नाही आणि भरूनही निघत नाही.

जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा छोटा तुकडा, पितळेचा असतो. पितळ मऊ. पायलट जेटचं (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या जेटचं) भोक इतकं बारीक असतं की उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाही. केहिन या कार्ब्युरेटर कंपनीच्या पद्धतीत ३८ नंबरचा पायलट जेट म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटरचं भोक. त्यात स्टीलची तार घालून मागेपुढे केली आणि भोक ०.४२ झालं असं समजा. वाढ फक्त ०.०४ मिलिमीटर, पण पेट्रोल जातं क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेलं असतं. नंबर मात्र जेटवर ३८ च कोरलेला राहतो. पुढचा माणूस तो नंबर वाचून समाधानी होतो आणि बिघाड दुसरीकडे शोधत बसतो.

अशा एका गाडीचा प्रवास असा झाला. एक सिलेंडरची गाडी चार महिने उभी होती. वाटीतलं पेट्रोल उडून गेलं, खाली चिकट राळ उरली आणि पायलट जेट तुंबला. साधी गोष्ट. कार्ब्युरेटर काढून जेटमध्ये तार घातली गेली. गाडी सुरू झाली, पण आयडलिंगला धूर आणि पेट्रोलचा वास. म्हणून मिश्रणाचा स्क्रू आत, आणखी आत, अगदी तळापर्यंत पिळला. आयडलिंग थोडं सुधारलं. पण तो स्क्रू फक्त आयडलिंगच्या छिद्रातलं मिश्रण मोजतो. मूठ जराशी उघडली की स्लाइडच्या किंवा बटरफ्लायच्या (मुठीने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) कडेला असलेली बायपासची छिद्रं सुरू होतात, आणि त्यांना पेट्रोल येतं ते थेट पायलट जेटमधून. जेट मोठा झालेला, त्यामुळे सुरुवातीच्या मुठीत गाडी गुदमरायची.

ते गुदमरणं घालवायला नीडलची क्लिप दोन खाचा वर सरकवली, म्हणजे नीडल खाली उतरली. सुरुवातीचा दोष तसाच राहिला, कारण तो नीडलचा नव्हताच. उलट मधल्या मुठीत मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झालं आणि गाडी झटके खायला लागली. झटके घालवायला मेन जेट दोन नंबरने मोठा टाकला. मेन जेटचं राज्य पूर्ण मुठीत. झटके गेले नाहीत, आणि आता पूर्ण मुठीतही काळा धूर. तोवर प्लग दोनदा बदलून झाला होता.

शेवटी सगळं मूळच्या मापावर आणलं: नवा पायलट जेट, क्लिप मधल्या खाचेत, मेन जेट मूळ नंबरचा, मिश्रणाचा स्क्रूही नवा, कारण तळाशी पिळल्यामुळे त्याच्या टोकाला कडं पडलं होतं. तरी इंजिन गरम झाल्यावर मूठ सोडली की आवाज लगेच खाली येईना, वरच रेंगाळायचा. पहिल्यांदा कार्ब्युरेटर बसवताना मॅनिफोल्डची (कार्ब्युरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीची) ओ-रिंग खाचेतून निसटून चिमटली गेली होती आणि तिथून हवा आत जात होती. एका तारेच्या तुकड्यापासून सुरू झालेलं काम ओ-रिंगपाशी संपलं, आणि मधले सगळे बदल निव्वळ एकमेकांवर पांघरूण घालत होते.

जेट साफ करायची माझी सवय अशी: जेट काढून कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायचे, सकाळी हवेचा झोत मारायचा, मग उजेडासमोर धरून बघायचं. भोक पूर्ण गोल आणि कडा स्वच्छ दिसली पाहिजे. तरी अडकलं असेल तर भोकात सैल जाईल असा मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा तुकडा. त्याने निघालं नाही तर नवा जेट. जेटच्या बाजूला असलेली बारीक छिद्रंही तपासा, ती हमखास विसरली जातात.

आणि नुसते जेट साफ करून थांबू नका. कार्ब्युरेटरच्या बॉडीतल्या प्रत्येक वाटेत क्लीनर मारून तो दुसऱ्या टोकाने बाहेर येतो का ते बघा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण धार कुठून उलटेल सांगता येत नाही. त्याआधी फ्लोट, रबरी डायफ्रॅम आणि सगळ्या ओ-रिंग काढून ठेवा. क्लीनरने रबर फुगतं, आणि फुगलेला डायफ्रॅम खाचेत परत बसत नाही.

हवेची गळती स्क्रूने भरून काढणं

कार्ब्युरेटर आणि सिलेंडर हेड यांच्या मधलं रबरी मॅनिफोल्ड उन्हाने आणि उष्णतेने तडकतं. तडा बहुधा खालच्या बाजूला असतो, म्हणून दिसत नाही. तिथून आत जाणारी हवा कार्ब्युरेटरने मोजलेली नसते. मिश्रण लीन होतं, आयडलिंग वरखाली होतं, मूठ सोडल्यावर इंजिन रेस होत राहतं, इंजिन जास्त तापतं. लोक मिश्रण रिच करून हे झाकतात. आयडलिंगला गळतीचा परिणाम मोठा असतो आणि पूर्ण मुठीला नगण्य, त्यामुळे एका सेटिंगने दोन्ही कधीच जुळत नाहीत.

तपासायला इंजिन आयडलिंगवर ठेवून मॅनिफोल्डच्या जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. कार्ब क्लीनरचा फवारा मारायची पद्धत सर्रास चालते, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी ज्वलनशील फवारा मारणं मला पटत नाही. पाण्याने काम होतं.

रेस होत राहण्याचं आणखी एक कारण म्हणजे घट्ट केबल. मुठीवर २ ते ६ मिलिमीटर ढिलाई असू द्या. मग इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. आवाज वाढला तर केबल ओढली जाते आहे, कार्ब्युरेटरचा काही संबंध नाही.

कोणता स्क्रू काय करतो हे न बघता फिरवणं

बाहेर दोन स्क्रू असतात. मोठा, बहुतेक वेळा स्प्रिंग दिसणारा, तो आयडलिंगचा. तो स्लाइडला किंवा बटरफ्लायला फक्त टेकू देतो, मिश्रण बदलत नाही. दुसरा मिश्रणाचा, आणि गोंधळ इथेच होतो. तो जर स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर हवेचा स्क्रू आहे: आत फिरवला की हवा कमी, मिश्रण रिच. इंजिनकडच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा स्क्रू आहे: बाहेर फिरवला की मिश्रण रिच. दिशा बरोबर उलटी. कोणाच्या तरी गाडीवर जमलेलं "अर्धा फेरा बाहेर" तुमच्या गाडीवर उलटं पडू शकतं.

पद्धत सांगतो. आधी स्क्रू हळूहळू आत फिरवत फेरे मोजा आणि टेकला की थांबा. टेकला म्हणजे टेकला, जोर लावायचा नाही. टोक सुईसारखं असतं, जोराने त्याला कडं पडतं किंवा ते तुटून छिद्रात अडकतं. मोजलेले फेरे लिहून ठेवा. मॅन्युअलमधला आकडा हाताशी नसेल तर दीड ते दोन फेरे बाहेर ही सुरुवात ठीक आहे.

आता गाडी १०-१५ मिनिटं चालवून आणा. थंड इंजिनवर ट्यूनिंग करणं वाया आहे, कारण थंड इंजिनला रिच मिश्रण लागतं. त्यावर जुळवलेली गाडी गरम झाल्यावर काजळी धरते. उभ्या गाडीवर अर्धा तास इंजिन फिरवत ठेवणंही चूक. एअर कूल्ड इंजिनला वारा लागला नाही की ते प्रमाणाबाहेर तापतं आणि जुळवणी पुन्हा खोटी ठरते.

परत आल्यावर आयडलिंग जरा वर घ्या. मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा फिरवा आणि पाच-सात सेकंद थांबा. इंजिनला नवीन मिश्रणावर स्थिरावायला वेळ लागतो. हे थांबणं नवशिक्यांना जमत नाही. ते सलग फिरवत राहतात आणि उत्तम जागा ओलांडून पुढे जातात. सगळ्यात वेगवान आणि एकसारखा आवाज जिथे येतो ती जागा शोधा, दोन्ही बाजूंना जाऊन खात्री करा, मग आयडलिंगचा स्क्रू मॅन्युअलमधल्या आरपीएमवर आणा.

पेट्रोलच्या स्क्रूची उत्तम जागा ३ फेऱ्यांच्याही पलीकडे लागत असेल तर पायलट जेट तुंबला आहे किंवा लहान आहे. पाऊण फेऱ्याच्या आतच लागत असेल तर तो मोठा आहे, किंवा कोणीतरी तारेने मोठा केला आहे. हवेच्या स्क्रूला हे उलटं वाचा.

स्क्रू पूर्ण काढलात तर टोकाकडे जाताना क्रम असा: स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग. ओ-रिंग बहुधा छिद्रातच चिकटून राहते. ती न काढता नवी बसवली की स्क्रू नीट टेकत नाही आणि फेऱ्यांचं माप खोटं होतं.

मुठीचा कोणता भाग बिघडला आहे हे न ओळखणं

"गाडी मिसिंग करते" एवढ्यावरून काही कळत नाही. बंद मुठीपासून पाव मुठीपर्यंत पायलट जेट आणि मिश्रणाचा स्क्रू, पाव ते पाऊण मुठीत नीडल, पाऊण ते पूर्ण मुठीत मेन जेट. हद्दी एकमेकींत थोड्या मिसळतात, पण शोधाला पुरतात. मुठीवर आणि शेजारच्या स्विच हाउसिंगवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करा. इंजिनचा वेग बघायचा नाही, मूठ किती उघडली ते बघायचं. याहून चांगलं साधन नाही आणि त्याला खर्चही नाही.

दोष असलेल्या मुठीवर चोक किंचित ओढून बघा. गाडी सुधारली तर तिथे मिश्रण लीन आहे, आणखी बिघडली तर रिच असण्याची शक्यता जास्त. मग त्याच भागातली एकच गोष्ट बदला, एका वेळी एकच पायरी, आणि वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो म्हणून लगेच जेट बदलू नका. सिलेंडर हेडपाशी सायलेन्सरचं गॅस्केट गळत असलं तरी तोच आवाज येतो.

थोडक्यात सांगता येतील अशा

साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर. मिकुनी आणि केहिनच्या जपानी कार्ब्युरेटरवरचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. त्यात फिलिप्स टोक पूर्ण बसत नाही, घसरतं आणि स्क्रूचं डोकं झिजवतं. जेआयएसचा एक स्क्रूड्रायव्हर घ्या.

नुसता उघडा फिल्टर लावणं. हवेची वाट बदलली की सगळे जेट पुन्हा जुळवावे लागतात. ते करायची तयारी नसेल तर मूळचा एअर बॉक्स काढू नका. केवळ आवाजासाठी इंजिन लीन चालवणारे पिस्टन गमावतात.

उंच डोंगराळ भागात गाडी जड वाटते म्हणून तिथे ट्यूनिंग करणं. उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे मिश्रण आपोआप रिच होतं. तिथे लीन केलेली गाडी खाली उतरल्यावर धोकादायक लीन चालते.

जुनं पेट्रोल. महिनोन्‌महिने टाकीत पडलेल्या पेट्रोलवर ट्यूनिंग करू नका.

फ्लोटकडे दुर्लक्ष

वाटीतली पेट्रोलची पातळी बिघडली की प्रत्येक जेटचं काम बिघडतं, म्हणून जेट बदलायच्या आधी फ्लोटची उंची तपासायला हवी. कार्ब्युरेटर तिरका धरा, म्हणजे फ्लोटची पट्टी नीडल व्हॉल्व्हच्या टोकाला नुसती टेकेल. त्या टोकात बारीक स्प्रिंग असते. ती दाबली गेली तर माप चुकतं. उलटा पाडून मोजणाऱ्यांचं माप याचमुळे चुकतं. गॅस्केट काढून, वाटी बसते त्या पृष्ठभागापासून मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. नीडल व्हॉल्व्हच्या रबरी टोकावर गोल खाच पडली असेल तर पट्टी वाकवू नका, व्हॉल्व्ह बदला.

ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर लोक कार्ब्युरेटरवर पान्ह्याने टकटक करतात. कचरा सुटून गळती थांबतेही, पण तो कचरा कॉकच्या जाळीतून आला कसा ते कोणी बघत नाही. काही गाड्यांमध्ये हे पेट्रोल बाहेर न पडता सिलेंडरमधून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. गळती दिसली की ऑइलची पातळी बघा आणि वास घ्या. पातळी वाढली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन सुरू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही. आधी व्हॉल्व्ह दुरुस्त करा, मग ऑइल बदला, मग किक. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून, वाटीच्या ड्रेन स्क्रूखाली भांडं धरून ती रिकामी करा. कॉक निर्वातावर चालणारा असेल तर तो "पीआरआय"वर (पेट्रोल सतत वाहू देणाऱ्या खुणेवर) राहिला नाही ना, तेवढं बघून घ्या.